चौकटीत काय ठेवायचं, काय सोडायचं

(फोटोची मांडणी आणि डिजिटल संपादन या विषयावरील व्याख्यानाचे शब्दांकन)

आज इथे उभं एकानेच राहायचं असलं, तरी जे सांगणार आहोत ते आमच्या तिघांचं आहे. आम्ही शनिवार-रविवारी फोटोग्राफीचे छोटे वर्ग घेतो. येणारे बहुतेक जण मोबाइलवरच फोटो काढतात, म्हणून आजची सगळी उदाहरणंही मोबाइलचीच आहेत. ज्यांच्या गळ्यात मोठा कॅमेरा दिसतोय त्यांनी रागावू नये. तत्त्वं तीच आहेत, फक्त बटणं जास्त.

वर्गाच्या पहिल्या दिवशी दोन प्रश्न हमखास येतात. एक, फोन कोणता घ्यावा? दुसरा, ॲप कोणतं चांगलं? पहिला प्रश्न फोटो काढण्याआधीचा आहे आणि दुसरा काढून झाल्यानंतरचा. मधला, म्हणजे फोटो नेमका कशाचा काढायचाय, हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही.

तो मधला प्रश्न आमच्यापर्यंत वेगळ्याच वाटेने येतो. कुणीतरी वर्ग संपल्यावर थांबतं, फोन पुढे करतं आणि म्हणतं, "यातून आईचा फोटो वेगळा काढून द्याल का?" आई नुकतीच गेलेली असते. फोटो कुणाच्या तरी लग्नातला, पन्नास माणसांचा, आई तिसऱ्या रांगेत आणि चेहरा नखाएवढा. तोही मूळ फोटो नाही, चार ग्रुपमधून फिरून आलेला. मोठा केला की चौकोन दिसायला लागतात. मग कुणी तो एखाद्या 'क्लिअर' करणाऱ्या ॲपमध्ये घालून आणतं. चेहरा एकदम स्वच्छ होतो, पण तो आईचा राहत नाही. डोळे कुणाचे तरी, दात कुणाचे तरी. फोनमध्ये आठ-दहा हजार फोटो असतात आणि भिंतीवर लावायला एक धड फोटो नसतो, हे आम्ही इतक्या वेळा पाहिलंय की आजचा विषय त्याच्याभोवतीच ठेवायचं ठरवलं. आपल्या माणसाचा एक फोटो नीट कसा काढायचा, आणि काढल्यावर त्यावर किती हात फिरवायचा.

आता पडद्याकडे बघा. मागे दिसतंय ना? दिवे जरा कमी करता येतील का... हं, धन्यवाद. वर्गातल्या एका मुलीने गावी तिच्या आजीचे हे फोटो काढले. दोघींना विचारूनच दाखवतोय. स्वयंपाकघर जुन्या कौलारू घरातलं. डाव्या बाजूला दार, वर एक काचेचं कौल, खाली चूल, आणि आजी परातीत भाकरी थापते आहे.

हा पहिला फोटो. आजी बरोब्बर मधोमध. तिच्या डोक्यातून कॅलेंडर उगवलंय. उजवीकडे निळं प्लॅस्टिकचं पिंप, आणि खालच्या कडेला कुणाच्या तरी पायाचा अंगठा. (हशा) हसू नका, तुमच्या फोनमध्येही असे पन्नास निघतील. याचं कारण साधं आहे. आपण आजीकडे बघत असतो तेव्हा मन पिंप बघतच नाही, ते गाळून टाकतं. कॅमेऱ्याला ही गाळणी नाही. त्याच्या लेखी आजी आणि पिंप सारखेच, आणि पिंप निळंजर्द असेल तर पिंपच वरचढ.

म्हणून आमचा पहिला धडा असा असतो: बटण दाबण्याआधी माणसाकडे बघून झालं की चौकटीच्या चारही कडांवरून एकदा नजर फिरवायची. वरची, उजवी, खालची, डावी. दोन सेकंद लागतात. कडेला काय अर्धवट कापलं गेलंय? डोक्यामागून काय उगवलंय? आणि ते काढायला ॲप उघडायचं नाही, एक पाऊल डावीकडे सरकायचं. या मुलीने तेच केलं. हा दुसरा फोटो: कॅलेंडर आजीच्या आड गेलं, पिंप चौकटीबाहेर. आजी जागची हलली नाही, नात हलली.

आता ते तीन भागांचं गणित. फोनच्या कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'ग्रिड' नावाचा पर्याय असतो. तो चालू केला की पडद्यावर दोन उभ्या, दोन आडव्या रेषा येतात. मुख्य गोष्ट या रेषांवर किंवा त्या जिथे छेदतात तिथे ठेवा, असं सगळीकडे सांगतात. 'रूल ऑफ थर्ड्स'. हा नियम फोटोग्राफीपेक्षा जुना आहे बरं का. जॉन थॉमस स्मिथ नावाच्या इंग्रज चित्रकाराने १७९७ साली ग्रामीण दृश्यांवरच्या पुस्तकात त्याला हे नाव दिलं, आणि तो बोलत होता निसर्गचित्रात आकाश-जमीन, उजेड-अंधार यांची वाटणी कशी करावी याबद्दल. म्हणजे हा कुठला निसर्गाचा कायदा नाही, एका चित्रकाराची चांगली सवय आहे.

ती कामाला का येते, ते आजीच्या फोटोतच बघा. आजी मधोमध होती तेव्हा तिच्या दोन्ही बाजूंना सारखीच रिकामी जागा होती, आणि त्या जागेत काहीच घडत नव्हतं. तिसऱ्या फोटोत आजी उजवीकडच्या रेषेवर गेली. ती डावीकडे, चुलीकडे बघते आहे, त्यामुळे आता नजरेपुढे जागा मिळाली आणि त्या जागेत तवा आला, जाळ आला, हात आले. माणूस ज्या बाजूला बघतं किंवा चालतं, त्या बाजूला जागा सोडायची. एवढं लक्षात राहिलं तरी निम्मं काम होतं.

आणि नियम मोडायचा कधी? देव्हारा, दीपमाळ, तुळशीवृंदावन, जे मुळातच दोन्ही बाजूंनी सारखं घडवलेलं आहे, ते खुशाल मधोमध ठेवा. तिथे तीन भाग करत बसलात तर फोटो घसरल्यासारखा दिसेल.

अंतराबद्दल थोडं बोलतो, कारण इथे बहुतेकांचं चुकतं. फोनची मुख्य लेन्स बरीच रुंद दृश्य घेणारी असते. जुन्या फिल्मच्या भाषेत साधारण २४ ते २८ मिलिमीटर. अशी लेन्स चेहऱ्यापासून दीड फुटावर धरली की नाक कानांपेक्षा कितीतरी जवळ असतं, म्हणून ते मोठं दिसतं आणि कान मागे पळतात. "माझा फोटो चांगलाच येत नाही," म्हणणारी निम्मी माणसं या दीड फुटाची बळी आहेत. पाच-सहा फूट मागे जा. फोनला २एक्सची लेन्स असेल तर ती लावा. नसेल तर लांबूनच काढा आणि नंतर कापा. चेहऱ्याचं प्रमाण लेन्स ठरवत नाही, तुमचं अंतर ठरवतं.

आता उजेड. खरं तर व्याख्यान इथूनच सुरू करायला हवं होतं, पण उजेड म्हटलं की लोक जांभया देतात. या स्वयंपाकघरात उजेडाच्या चार जागा होत्या: दार, काचेचं कौल, चूल आणि भिंतीवरची ट्यूब. सुरुवातीच्या सगळ्या फोटोंत ट्यूब चालू आहे. आता ट्यूब बंद केल्यानंतरचा हा चौथा फोटो. (मागून कुणीतरी "वा!") हो ना? आम्ही काही जादू केली नाही, एक बटण बंद करायला सांगितलं. ट्यूबचा उजेड वरून सगळीकडे सारखा पडतो आणि सुरकुत्या, हात, परात सगळं एका पातळीवर आणतो. दाराकडून येणारा उजेड एका बाजूने येतो. एक गाल उजळतो, दुसरा सावलीत जातो आणि चेहऱ्याला गोलाई येते. वर कौलातून आलेल्या उन्हाच्या पट्ट्यात धूर दिसायला लागला. तो धूर आधीही तिथे होताच.

दुसरी अडचण कॅमेऱ्याच्या स्वभावाची. कॅमेऱ्याला आपण काय बघतोय हे नीटसं कळत नाही. समोरचं सगळं सरासरीत मध्यम करड्या रंगाचं असेल असं तो धरून चालतो. म्हणून वारीतले फोटो आठवा: पांढरी धोतरं, पांढऱ्या टोप्या, सगळं इतकं पांढरं की कॅमेरा घाबरून उजेड कमी करतो, आणि फोटोत वारकरी मळक्या कपड्यांत दिसतात, चेहरे तर काळेच. तिथे उजेड मुद्दाम वाढवायचा. उलट अंधाऱ्या माजघरात कॅमेरा सगळं उजळून टाकतो आणि दारातून बाहेरचं अंगण पांढरं फटक होतं. बहुतेक फोनमध्ये पडद्यावर चेहऱ्याला बोट लावलं की बाजूला सूर्यासारखी खूण येते. ती वर-खाली करायची. आजीच्या फोटोत नातीने ती थोडी खाली ओढली, म्हणजे जाळ आणि उन्हाचा पट्टा फाटला नाही. चेहरा किंचित गडद राहिला. तो नंतर उचलता येतो. का येतो, ते आता सांगतो.

त्याआधी एक छोटी गोष्ट. होमाई व्यारावाला हे नाव किती जणांनी ऐकलंय? भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. जन्म १९१३ चा, नवसारीचा. शिक्षण आपल्या मुंबईत, जे. जे. मध्ये. २०११ साली पद्मविभूषण मिळालं. त्यांच्याकडच्या कॅमेऱ्यांत एक रोलायफ्लेक्स होता. तो छातीशी धरून वरून आत बघायचं, आणि आत दिसायचं ते डावं-उजवं उलटं. रोल मध्ये फोटो फक्त १२. आमच्या वर्गात आम्ही गृहपाठ देतो तो यावरूनच: घरातला एक तांब्या घ्या, खिडकीशी ठेवा आणि त्याचे बाराच फोटो काढा. तेरावा नाही. पहिले चार सारखेच येतात. पाचव्यापासून माणूस वाकायला, सरकायला, तांब्या फिरवायला लागतो.

आता संपादनाकडे. आम्हाला अभिमानाने सांगणारे पुष्कळ भेटतात: "मी फोटो एडिट करत नाही, जसा आला तसाच ठेवतो." त्यांचा अपमान करायचा नाही, पण 'जसा आला तसा' असा डिजिटल फोटो नसतो. तुमच्या कॅमेऱ्यातल्या सेन्सरवर लक्षावधी बारीक ठिपके असतात आणि प्रत्येकावर एकाच रंगाची काच असते: निम्म्यांवर हिरवी, पाव हिश्शावर लाल, पाव हिश्शावर निळी. कोडॅकमधल्या ब्राइस बेयर यांची ही रचना. तिचं पेटंट १९७६ चं. म्हणजे प्रत्येक ठिपक्याला तीनपैकी एकच रंग खरोखर मोजता येतो, उरलेले दोन शेजाऱ्यांना विचारून हिशेबाने भरले जातात. त्यावर आजचे फोन एका दाबात अनेक चौकटी घेऊन त्या जोडतात, आकाश निळं करतात, चेहरा उजळतात. तुम्ही एडिट केलं नाहीत, तर तुमच्या फोनच्या कंपनीने केलंय.

फिल्मच्या काळातही हेच होतं. आन्सेल ॲडम्स या अमेरिकन छायाचित्रकाराने १९४१ साली न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावर उगवलेल्या चंद्राचा फोटो काढला. निगेटिव्ह एकच. पण त्याचे प्रिंट तो अनेक वर्षं काढत राहिला, आणि वर्षागणिक आकाश जास्त काळं होत गेलं. आँरी कार्तिए-ब्रेसाँ फोटो न कापण्याबद्दल प्रसिद्ध. पण त्याचा पॅरिसमधला, डबक्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचा १९३२ चा फोटो कापलेला आहे, कारण तो कुंपणाच्या फटीतून काढला होता. तेव्हा लाज वाटून घेऊ नका.

क्रम मात्र सांभाळा. पहिलं काम कापणं आणि सरळ करणं. आजीच्या फोटोत दाराची चौकट किंचित कलली होती. ती सरळ केली. सरळ करताना कडा थोड्या जातात, म्हणून काढतानाच जरा मोकळा काढावा. कापण्याचा हिशेब लक्षात ठेवा: १२ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे ४००० गुणिले ३००० ठिपके. रुंदी आणि उंची दोन्ही निम्म्या केल्या की उरतात २००० गुणिले १५००, म्हणजे ३ मेगापिक्सेल, चौथा हिस्सा. इंचाला ३०० ठिपके धरून छापायचं तर हा फोटो पावणेसात बाय पाच इंचांवर संपला. लग्नातल्या तिसऱ्या रांगेतली आई इथेच हरवते.

दुसरं काम उजेडाचं. इथे मघाचं उत्तर. साध्या जेपेग फोटोत प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. सगळ्यात वरच्या पायरीला टेकलेलं जे असतं, पांढरं फटक झालेलं, तिथे माहितीच नसते. कितीही खाली ओढा, करडा डाग मिळेल. अंधारात मात्र काहीतरी नोंदलेलं असतं आणि ते थोडंफार वर आणता येतं. 'शॅडोज' नावाची पट्टी त्यासाठी. फार ओढलीत तर रवाळ दिसायला लागतं. फोनमध्ये रॉ फाइलची सोय असेल तर तिथे पायऱ्या कितीतरी जास्त, १२ बिटच्या फाइलमध्ये ४०९६, म्हणून ओढाताणीला जास्त वाव. पण सुरुवातीला जेपेग पुरे. रॉ हे कच्चं धान्य आहे, दळून-शिजवून सगळं तुम्हालाच करायचं.

तिसरं, रंगाचा तोल. पिवळ्या दिव्याखाली पांढरी साडी पिवळी येते; 'व्हाइट बॅलन्स'ने ती पांढरी करता येते. पण चुलीचा उजेड पिवळा-तांबडाच असतो! ॲपमधलं 'ऑटो' दाबलं आणि आजीच्या स्वयंपाकघराचा दवाखाना झाला. (हशा) म्हणून मोजायला एक पांढरी वस्तू धरायची, इथे परातीशेजारचं पीठ. दाराच्या उजेडातलं पीठ पांढरं दिसेल इतपत आणायचं आणि जाळाला जाळासारखं राहू द्यायचं. रंग गडद करणाऱ्या 'सॅच्युरेशन'बद्दल एवढंच, की माणसाचा फोटो असेल तर त्या पट्टीला हात लावण्याआधी पाणी पिऊन या.

मग शेवटी ठरावीक जागेपुरतं काम: आजीच्या चेहऱ्यावर अर्धी मात्रा उजेड, मागच्या भिंतीवर थोडा कमी. स्नॅपसीडसारख्या फुकट ॲपमध्येही चेहऱ्यावर बोट ठेवून तेवढाच भाग उजळता येतो. संगणकावर काम करणाऱ्यांसाठी गिंप आणि डार्कटेबल आहेत, तेही फुकट. धारदारपणा सगळ्यांत शेवटी, आणि कमीच.

इथपर्यंत कुणाचं भांडण नसतं. भांडण आता सुरू होतं. हा बघा पाचवा फोटो. हा तिच्या मावसभावाने केला. मूळ तोच, फक्त एका ॲपच्या 'ब्यूटी'मधून काढलेला. काय गेलं सांगा? (श्रोत्यांतून: "सुरकुत्या!") सुरकुत्या गेल्या. रंग दोन छटा उजळला. आणखी? कपाळाकडे बघा... गोंदण गेलं. आजीच्या कपाळावर आणि हनुवटीवर हिरवं गोंदण आहे, लहानपणी गोंदवलेलं. ॲपला तो डाग वाटला, त्याने पुसून टाकला. भावाच्या ते लक्षातही आलं नव्हतं. आजीला फोटो दाखवला तेव्हा तिने स्वतःच्या कपाळाला हात लावून पाहिला.

काय पुसावं आणि काय पुसू नये, याबद्दल आमच्या तिघांतही पूर्ण एकमत नाही, ते प्रामाणिकपणे सांगतो. एकाचं म्हणणं, भिंतीवरचा प्लगसुद्धा काढू नये. दुसऱ्याला प्लग चालतो, पिंप चालत नाही. पण एका गोष्टीवर आम्ही तिघंही ठाम आहोत. उद्या जो डाग आपोआप जाईल, मुरूम, पिठाचा ठिपका, लेन्सवरची धूळ, तो पुसायला हरकत नाही. जे त्या माणसाबरोबर वर्षानुवर्षं राहिलंय, गोंदण, जखमेची खूण, कातडीचा रंग, त्याला हात लावायचा तर त्या माणसाला विचारून. फोटोच्या दुकानात 'थोडा गोरा करून देतो' हे न विचारता केलं जातं आणि आपणही काही बोलत नाही. आमच्या मते तो आपल्याच माणसाचा अपमान आहे.

बातमीचा फोटो असेल तर रेष याहून खूप आधी येते. 'नॅशनल जिओग्राफिक'च्या फेब्रुवारी १९८२ च्या मुखपृष्ठावर गिझाचे पिरॅमिड उभ्या आकारात बसावेत म्हणून संगणकावर एकमेकांजवळ सरकवले गेले. फोटो मुळात आडवा होता. काही फूट सरकले काय आणि नाही काय, असं वाटेल. पण त्यावरून एवढा गदारोळ झाला की आजही फोटोपत्रकारितेच्या वर्गात हे उदाहरण देतात. आणि तेव्हा फोटोशॉप जन्मालासुद्धा यायचं होतं. ते १९९० साली आलं. शेतातल्या नुकसानीचा फोटो, रस्त्यावरच्या खड्ड्याचा फोटो, सोसायटीच्या तक्रारीला जोडलेला फोटो: तिथे तुम्ही बातमीदारच आहात. उजेड नीट करा, सरळ करा. एक दगड हलवलात तर समोरचा म्हणेल, सगळंच हलवलं असेल.

वेळ संपत आली, प्रश्न घेऊ.

प्रश्न असा आहे, की वयस्कर माणसं कॅमेरा दिसला की ताठ बसतात, त्याचं काय करायचं? त्यांच्या हातात काम राहू द्या. आजी भाकरी थापत होती म्हणून हे फोटो आले. शेंगा सोलणं, पान लावणं, पेपर वाचणं, काहीही. आणि एक फोटो ताठ बसलेलाही काढा, नवी साडी नेसून, कारण बऱ्याचदा त्यांना स्वतःला तोच हवा असतो.

दुसरा प्रश्न, फोटो जपायचे कसे? मूळ फाइल वेगळी ठेवा, काम नकलेवर करा. नातेवाइकांना पाठवताना मेसेजमधून फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान केला जातो. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, मूळ आकारात जातो. फोनबाहेर निदान दोन ठिकाणी प्रती ठेवा, त्यातली एक दुसऱ्या घरात. आणि छापा. आजीचा हा सहावा, शेवटचा फोटो नातीने आठ बाय दहा इंचांत छापून घेतला. दुकानात सांगितलं, की रंगाला हात लावू नका. पहिला प्रिंट उजळ करूनच आला. तिने परत करून दुसरा काढून घेतला.

हो, शेवटचा प्रश्न त्या निळ्या शर्टवाल्यांचा. जुना, फाटलेला, कृष्णधवल फोटो आहे, तो कसा करायचा? स्कॅनर असेल तर उत्तमच, निदान ६०० डीपीआयवर. नसेल तर फोटो खिडकीशी सपाट ठेवा, ऊन थेट पडू देऊ नका, फोन बरोबर वर समांतर धरा, फ्लॅश बंद. फाटलेली रेघ चेहऱ्यावरून जात नसेल तर ती भरता येते. चेहऱ्यावरून जात असेल तर आम्ही ती तशीच ठेवायला सांगतो. कार्यक्रमानंतर फोटो घेऊन या, आपण बघू.